दोन आवाजांतील रहस्यपट : प्रत कशी निवडावी?

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना भेटतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकात रात्री दहा वाजताही पूर्ण शांतता नसते. आसपासच्या इमारतींत खिडक्या लावून घेतल्या तरी मालमोटारींचे भोंगे आत येतातच. अशाच एखाद्या घरात शनिवारी रात्री आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ पाहण्याचे ठरते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला मूळ इंग्रजी आवाज हवा असतो. आजींना इंग्रजी कळत नाही, हिंदी मात्र उत्तम कळते. वडिलांना अलीकडे कमी ऐकू येते आणि पात्रे कुजबुजू लागली, की ते शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारतात. चित्रपट एक, पाहणारे तीन. ‘ड्युअल ऑडिओ, विथ सबटायटल्स’ ही एवढीशी पाटी या तिघांचीही सोय झाल्याचे आश्वासन देते.

हे आश्वासन कौटुंबिक किंवा विनोदी चित्रपटाच्या बाबतीत थोडेफार कमी-जास्त झाले तरी चालून जाते. रहस्यपटाचे तसे नाही. तेथे एक शब्द लवकर कळला, एक आवाज ओळखीचा निघाला किंवा भिंतीवरची एक चिठ्ठी वाचायची राहिली, तर दोन तासांची बांधणी कोसळते. म्हणूनच दोन भाषांतील प्रत निवडताना चित्र किती स्वच्छ आहे, याआधी ती प्रत रहस्य किती सांभाळते, हे पाहावे लागते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘ड्युअल ऑडिओ’ म्हणजे एकाच चित्राबरोबर दोन स्वतंत्र ध्वनिपट्ट्या. बहुतेक वेळा एक मूळ भाषेतील व दुसरी डब केलेली. पाहणाऱ्याने रिमोटवरून हवी ती निवडावी. एकाच प्रतीत अनेक भाषा देण्याची ही सोय डीव्हीडीने घरोघरी आणली. डीव्हीडीच्या रचनेतच आठ ध्वनिपट्ट्या आणि उपशीर्षकांचे ३२ संच सामावण्याची तरतूद होती. त्याआधीच्या व्हीसीडीला ही चैन परवडणारी नव्हती. तेव्हा आशियातील पुष्कळ तबकड्यांवर डाव्या कर्ण्यात एक भाषा व उजव्यात दुसरी, अशी युक्ती केलेली असे. त्या तबकड्यांवरून उतरवलेली एखादी जुनी फाइल आजही हाती लागते आणि दोन माणसे एकाच वेळी दोन भाषांत बोलत असल्याचा भास होतो. प्रत बिघडलेली नसते. प्लेअरमध्ये फक्त डावा किंवा फक्त उजवा आवाज निवडला, की ती सरळ होते.

दोन भाषांची ही गरज नाशिकला नवी नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, तेव्हा चित्र मुके होते. परंतु पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत होत्या. एका परीने आपल्याकडील उपशीर्षकांची सुरुवात तेथूनच धरावी लागेल. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी शेजारचा साक्षर प्रेक्षक त्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवी. द्वारकेच्या घरातील नातू आजींना जे सांगतो, ते त्याहून वेगळे नाही. फाळके यांनी १९१३ मध्येच आपला कारभार नाशिकला हलविला. पुढे त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून चित्रित झाला. तोवर १९३१ च्या ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले होते. तेव्हा आधीच चित्रित झालेल्या ‘सेतुबंधन’वर मागाहून हिंदी संवाद चढविण्यात आले. आपल्याकडील डबिंगच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना करावी लागते.

प्रभात फिल्म कंपनीने याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या आणि खर्चिक मार्गाने दिले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) असो किंवा ‘कुंकू’ (१९३७), तेथे आवाज बदलला नाही; चित्रपटच मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. ‘शेजारी’ (१९४१) आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ यांत तर मराठीत केशवराव दाते यांनी केलेली भूमिका हिंदीत मझहर खान यांच्याकडे गेली. रहस्यपटांत याला सर्वात जवळचे मराठी उदाहरण म्हणजे राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). दोनच वर्षांनी राज खोसला यांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला. एका वकिलाची पत्नी मरण पावलेली आहे आणि पोलिसांनी पकडलेली एक स्त्री ‘मीच ती’ म्हणून उभी राहते. ती स्त्री खरी की खोटी, याचा निवाडा तिच्या बोलण्यावर होत राहतो. घरातल्या, फक्त दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी ती कोणत्या शब्दांत आणि कोणत्या सुरात सांगते, यावर कोर्टाचा आणि प्रेक्षकाचा विश्वास डोलत राहतो. मराठी घरातील खाजगी बोलणे आणि हिंदी चित्रपटातील खाजगी बोलणे यांत फरक आहे, आणि दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर तो स्पष्ट जाणवतो. ही दोन्ही प्रतिबिंबे स्वतंत्रपणे घडविलेली आहेत. डबिंगमध्ये मात्र ओठ एकाचे, भाषा दुसऱ्याची आणि बांधणी तिसऱ्याच देशातील असते. म्हणून तेथे अधिक दक्षता हवी.

क्रियापद चुगली करते

इंग्रजी रहस्यपट हिंदीत किंवा मराठीत आणताना पहिली अडचण येते ती व्याकरणाची. इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून कळत नाही. अंधारातून आलेला आवाज, निनावी पत्र, दूरध्वनीवरील धमकी ही सारी हत्यारे त्या भाषेत आपोआप झाकलेली असतात. हिंदीत ‘मैं जानता हूँ’ म्हटले की बोलणारा पुरुष, ‘जानती हूँ’ म्हटले की स्त्री. पडदा तेथेच वर जातो. मराठीतही ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत तेच घडते. निनावी पत्राखालचे उपशीर्षक ‘मी तुझी वाट पाहतो आहे’ असे आले, तर दिग्दर्शकाने दीड तास राखलेला संशय अनुवादकाने एका वेलांटीत, किंबहुना एका मात्रेत, घालविला असे समजावे.

चांगला अनुवादक यातून वाट काढतो, आणि वाट आहेही. ‘मला ठाऊक आहे’, ‘मी पाहिले आहे’, ‘माझे लक्ष आहे’ या वाक्यांतून मराठीत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. हिंदीत ‘मुझे पता है’, ‘मैंने देखा है’ ही तशीच सुरक्षित वाक्ये. एखाद्या प्रतीतील अशी जागा ऐकून पाहिली, की त्या डबिंगमागे चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला माणूस होता, की समोर आलेले पान भाषांतरित करणारा होता, हे कळून येते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही असेच. इंग्रजीत एकाच सर्वनामावर भागते. हिंदी-मराठीत प्रत्येक संबोधन नात्याचे अंतर सांगून टाकते. दोन परके लोक मध्येच ‘तुम’वर आले, तर प्रेक्षक त्यांची जुनी ओळख असल्याचा कयास बांधतो. कथेत तशी ओळख असेल तर फितुरी, नसेल तर दिशाभूल.

दुसरी अडचण आवाजाची. हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या चित्रपटाच्या मूक आणि बोलपट अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. नायिका अॅनी ओंड्रा हिचे उच्चार चेक वळणाचे असल्याने जोन बॅरी ही इंग्रज अभिनेत्री चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्याबाहेर उभी राहून संवाद बोलत होती आणि ओंड्रा फक्त ओठ हलवीत होती. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ आवाज’ म्हणतो, तोही कधी कधी दुसऱ्याचा असतो! याच चित्रपटात खुनानंतरच्या सकाळी शेजारीण अखंड बडबडते. हळूहळू तिचे बोलणे अस्पष्ट होत जाते आणि ‘चाकू’ या अर्थाचा एकच शब्द नायिकेच्या व प्रेक्षकाच्या कानावर आदळत राहतो. येथे डबिंग करणाऱ्याने तो शब्द नेमक्या त्याच ठिकाणी बसवायला हवा. उपशीर्षक लिहिणाऱ्याची कसोटी आणखी अवघड. त्याने अस्पष्ट बडबड कर्तव्यदक्षतेने पूर्ण वाक्यांत छापली, तर वाचणाऱ्याला सगळे कळते आणि जे कळायला हवे ते हरवते.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात खुनी ओळखला जातो तो त्याच्या शिटीवरून. फुगे विकणारा आंधळा ती धून ऐकतो आणि शोधाला दिशा मिळते. शिटीला भाषा नसते, तिचे भाषांतर करावे लागत नाही. पण डबिंग करताना ती पुसली जाऊ शकते. या चित्रपटाच्या निमित्ताने आणखी एक सूचना करावीशी वाटते. ‘हिंदी-इंग्रजी’ असे लिहिलेल्या प्रतीत इंग्रजी ही मूळ भाषा असेलच असे नाही. ‘एम’ जर्मन आहे, ज्यूल्स दासँ यांचा ‘रिफीफी’ (१९५५) फ्रेंच. अशा चित्रपटाच्या हिंदी-इंग्रजी प्रतीत दोन्ही पट्ट्या डब केलेल्या निघतात आणि मूळ आवाज कोठेच नसतो. निवडताना आधी चित्रपटाची मूळ भाषा पाहावी, मग पट्ट्या मोजाव्यात.

‘सायको’चेच उदाहरण

‘सायको’ (१९६०) या १०९ मिनिटांच्या चित्रपटात डबिंग आणि उपशीर्षके यांची एकत्र परीक्षा होते. पैसे घेऊन निघालेली नायिका मॅरियन आडरस्त्यावरच्या मोटेलमध्ये उतरते आणि नोंदवहीत खोटे नाव लिहिते. काही वेळाने गप्पांच्या ओघात तिच्या तोंडून तिचे खरे आडनाव निघून जाते. मोटेलचा मालक नॉर्मन नंतर वही पाहतो आणि त्याच्या ते ध्यानात येते. या खुणेचा अर्धा भाग कानाने घ्यायचा आहे व अर्धा डोळ्यांनी. हिंदी पट्टी ऐकणाऱ्या आजींना आडनाव ऐकू येईल, पण वहीतील इंग्रजी अक्षरे वाचता येणार नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यावरील लेखनाचेच तेवढे भाषांतर देणारी निराळी उपशीर्षके लागतात. चांगल्या प्रतींत ती हिंदी पट्टी निवडताच आपोआप उमटतात. पुष्कळ प्रतींत ती नसतात; मग नोंदवही, वर्तमानपत्राचा मथळा, दारावरची पाटी हे सारे नातवाने सांगावे लागते. (त्याच रात्री मॅरियन कागदावर वजाबाकीही मांडते. ती मात्र कोणालाही कळते, आकड्यांना भाषांतर लागत नाही.)

या चित्रपटात नॉर्मनच्या आईचा आवाज ऐकू येतो. त्यासाठी हिचकॉकने एकाहून अधिक कलावंतांचे आवाज घेऊन त्यांची सरमिसळ केली होती. त्याचे कारण येथे सांगणे योग्य नव्हे. १९६० मध्ये चित्रपट सुरू झाल्यावर चित्रगृहात कोणालाही प्रवेश देऊ नये असा आग्रह ज्याने धरला, त्याच्या कारागिरीचा तो अपमान होईल. परंतु हिंदी पट्टी निवडताना या आवाजासाठी कोणता कंठ वापरला आहे, याकडे चित्रपट आधी पाहिलेल्या घरातील माणसाने जरूर कान द्यावा. नाटकी, ओळखीचा किंवा अति वृद्ध आवाज वापरला असेल, तर आजींसाठी चित्रपट अर्ध्यावरच संपतो.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तयार केलेल्या उपशीर्षकांत असाच एक धोका दडलेला असतो. त्यांत संवादाबरोबर ‘दार करकरते’, ‘दूरवर पावलांचा आवाज’ अशा नोंदी असतात आणि बोलणारा पडद्याबाहेर असेल तर त्याचे नावही कंसात येते. वडिलांना या नोंदी वरदान आहेत. महामार्गाच्या गलक्यात बसलेल्या चांगल्या कानाच्या माणसालाही त्या उपयोगी पडतात. परंतु अंधारात बोलणारा कोण, हे चित्रपटाने लपविले असताना कंसात नाव आले तर काय उपयोग? जाणकार अनुवादक तेथे ‘पुरुषाचा आवाज’ किंवा नुसतेच ‘आवाज’ लिहितो. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ च्या मार्चमध्ये श्रवण व दृष्टी यांची अडचण असलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रगृहांतील सोयींची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे नव्या चित्रपटांत अशा नोंदी वाढतील. जुन्या अभिजात चित्रपटांना त्या मागाहून जोडल्या जातात, आणि तेथे तपासणी प्रेक्षकालाच करावी लागते.

डबिंगचा दर्जा ओळखण्यासाठी भाषेपेक्षा पार्श्वभूमी ऐकावी. चित्रपट निर्यात करताना निर्माते सहसा संवाद वगळून संगीत व इतर आवाज यांची वेगळी पट्टी देतात. डबिंग करणारा तिच्यावर नवे संवाद बसवितो. जुन्या चित्रपटांची अशी पट्टी पुष्कळदा तयारच झालेली नसते किंवा हरवलेली असते. मग पावलांचा, दाराचा, पावसाचा आवाज नव्याने तयार करावा लागतो, किंवा संवाद सुरू होताच मागचे सारे बंद करून टाकले जाते. पात्र बोलू लागले की पाऊस थांबतो आणि बोलणे संपले की पुन्हा सुरू होतो, असे आढळले तर ती पट्टी नाकारावी. रहस्यपटात पाऊस थांबणे हीसुद्धा घटना असते. बर्नार्ड हरमन यांनी ‘सायको’चे सारे संगीत केवळ तंतुवाद्यांवर रचले. संवाद उंचावण्यासाठी ते संगीत दाबलेले असेल, तर हिचकॉकच्या निम्म्या चित्रपटालाच कात्री लागली असे म्हणावे लागेल.

मूळ पट्टीसुद्धा नेहमी मूळ असतेच असे नाही. हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’ची (१९५८) १९९६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा अनेक ध्वनिपरिणाम नव्याने मुद्रित करण्यात आले. ते अधिक ठसठशीत होते, परंतु जुन्या रसिकांना ते रुचले नाहीत आणि पुढच्या आवृत्त्यांत जुना एककर्णी आवाजही देण्यात आला. म्हणून यादीत ‘५.१’ दिसले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी ‘मोनो’ हा शब्द बहुधा प्रामाणिकपणाची खूण असतो. ध्वनिवर्णन ही अंध प्रेक्षकांसाठीची वेगळी पट्टी असते. तीत निवेदक दृश्याचे वर्णन करतो. नकळत ती निवडली गेली आणि ‘तो हळूच मागे वळतो’ असे कोणी सांगू लागले, तर दूरचित्रवाणी संच बिघडलेला नाही.

खालच्या दोन ओळी

उपशीर्षकांबाबत सर्वात अधिक फसगत होते ती हिंदी आवाजाखाली इंग्रजी ओळी लावल्यावर. हिंदी पट्टीत पात्र एक बोलते आणि खाली दुसरेच लिहिलेले असते, कारण ओळी मूळ इंग्रजी संवादांच्या आहेत आणि हिंदी संवाद ओठांच्या हालचालींशी जुळविण्यासाठी बदललेले आहेत. ज्याला दोन्ही भाषा येतात, त्याचे लक्ष त्या तफावतीतच अडकते. उलट प्रकारही घडतो. मूळ जर्मन किंवा जपानी आवाजाखालील ओळी इंग्रजी डबिंगवरून उतरविलेल्या असतात, म्हणजे भाषांतराची नक्कल. ओळखण्याची सोपी खूण अशी, की पात्र गप्प असताना खाली ओळ येते, कारण डबिंगमध्ये त्या ठिकाणी रिकामी जागा भरण्यासाठी वाक्य घातलेले असते.

वडिलांसाठी योग्य जोडी म्हणजे हिंदी आवाज असेल तर हिंदी डबिंगवरूनच तयार झालेल्या हिंदी ओळी, इंग्रजी आवाज असेल तर मूळ संवादांच्या इंग्रजी ओळी. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी सुमारे ४२ अक्षरे आणि पडद्यावर जास्तीत जास्त सुमारे सात सेकंद, हा व्यवसायातील रुळलेला दंडक आहे. तीन-तीन ओळींचे ठोकळे येत असतील, तर वाचता वाचता चेहरा पाहायचा राहून जातो. आणि रहस्यपटात ओळ आवाजाच्या आधी उमटणे हे सर्वात मोठे पाप. ‘तो तूच आहेस!’ ही ओळ एक सेकंद आधी वाचली, की नटाच्या वळण्याला अर्थ उरत नाही.

देवनागरी उपशीर्षकांची एक स्वतंत्र कटकट आहे. डीव्हीडी व ब्लू-रे यांवरील ओळी चित्ररूपात साठवलेल्या असल्याने त्या नेहमी नीट दिसतात. सुट्या मजकुराच्या फाइलचे तसे नसते; ती युनिकोडमध्ये जतन केलेली नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. युनिकोड असूनही काही जुने टीव्ही संच ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला लावतात आणि जोडाक्षरे फोडून दाखवितात. ‘किल्ली’चे काय होते, ते पाहण्यासारखे असते. अशा वेळी फाइलला दोष न देता ती संगणकावर लावून पाहावी. मराठी उपशीर्षके असलेला परदेशी अभिजात रहस्यपट आजही विरळाच. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या वाट्याला ते भाग्य अद्याप आलेले नाही. त्यामुळे आजींसाठी हिंदीवर भागवावे लागते. हॉलिवूडने हिंदी डबिंगकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली तीही १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’च्या हिंदी आवृत्तीला मिळालेल्या प्रतिसादानंतर.

आवाज आणि चित्र यांचे न जुळणे हा दोन पट्ट्यांच्या प्रतींचा जुना आजार. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पूर्वीच्या पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीसाठी व डीव्हीडीसाठी तो २५ चौकटींनी चालवीत. त्यामुळे १०९ मिनिटांचा ‘सायको’ सुमारे साडेचार मिनिटे आधी संपतो आणि सर्वांचे आवाज किंचित चढे होतात. आता हिंदी पट्टी जुन्या पाल प्रतीवरून घेतली व चित्र नव्या ब्लू-रेवरून घेतले, तर तासाभरात आवाज दोन मिनिटांहून अधिक पुढे निघून जातो. दुसरे कारण कापाकापीचे. आपल्याकडे डब केलेल्या आवृत्तीला परिनिरीक्षण मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागत असे, त्यामुळे तिची लांबी मूळ आवृत्तीहून वेगळी असू शकते. ‘सायको’चीही काही सेकंद अधिक असलेली आवृत्ती २०२० मध्ये ४के तबकडीवर निघाली. जेथे काही चौकटी वाढतात, तेथून पुढचा सारा आवाज मागे-पुढे होतो.

यावरून निदान करता येते. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर प्लेअरमधील विलंबाची सोय वापरून तो काढून टाकता येतो. तो हळूहळू वाढत असेल, तर वेगाचा दोष आहे. एका विशिष्ट दृश्यानंतर एकदम उडी मारीत असेल, तर दोन निरनिराळ्या आवृत्त्या जोडलेल्या आहेत, आणि अशी प्रत परत करणेच बरे. आवाज चित्राच्या पुढे सुमारे ४५ मिलिसेकंद गेला तरी माणसाला ते जाणवू लागते. मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत मन सांभाळून घेते. विजेनंतर गडगडाट ऐकण्याची सवय आपल्याला निसर्गानेच लावली आहे, त्याउलट मात्र कधी घडत नाही. डब केलेल्या पट्टीत ओठ पाहून हे ठरविता येत नाही, कारण ते मुळातच जुळत नसतात. दार आपटणे, ग्लास ठेवणे, बंदूक सुटणे अशा क्षणांवर नजर ठेवावी.

प्रत कोठून घ्यावी, या प्रश्नाला दोनच सरळ उत्तरे आहेत : अधिकृत तबकडी किंवा परवाना असलेली प्रसारण सेवा. तबकडी परदेशातून मागवली असेल तर विभाग तपासावा. भारत डीव्हीडीसाठी पाचव्या विभागात व ब्लू-रेसाठी ‘सी’ विभागात येतो. दुसऱ्या विभागाची तबकडी घरच्या यंत्रावर चालेलच असे नाही. प्रसारण सेवांवर भाषांची यादी देशागणिक व करारागणिक बदलते, म्हणून गेल्या वर्षी असलेली हिंदी पट्टी या वर्षी असेलच असे धरून चालू नये. ‘जुना चित्रपट, म्हणजे फुकट’ हा समज अर्धाच खरा आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. परंतु नव्याने केलेले डबिंग हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण असते आणि उपशीर्षके हे स्वतंत्र भाषांतर. त्यांच्या हक्कांची गणना वेगळी. कोठूनशी उतरविलेल्या ‘ड्युअल ऑडिओ’ फाइलमध्ये चित्र एकीकडचे, आवाज दुसरीकडचा व ओळी तिसरीकडच्या असतात. वर सांगितलेले बहुतेक आजार तेथूनच जडतात.

राहता राहिला द्वारकेच्या घरातील प्रश्न. एकाच रात्री तिघांनी बसायचे असेल, तर सर्वात कमी नुकसान हिंदी आवाज आणि खाली हिंदी ओळी या जोडीत आहे. आजी ऐकतील, वडील वाचतील, आणि नातवाला अँथनी पर्किन्सचा खरा आवाज दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकता येईल. मात्र हिंदी पट्टीत पार्श्वभूमी मध्येच बंद पडत असेल किंवा त्या आईच्या आवाजाचा घोटाळा असेल, तर इंग्रजीच लावावी, आणि नातवाने फाळके यांच्या काळातील साक्षर शेजाऱ्यासारखे आजींच्या कानाशी बसावे. काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे त्याला आधी बजावून ठेवावे लागेल.

पाहण्यापूर्वी दहा मिनिटे काढून प्रत तीन ठिकाणी तपासावी : सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस. पावसातील मोटारप्रवासाचे दृश्यही तपासणीसाठी उत्तम. त्यात पाऊस, संगीत आणि मनातले आवाज एकत्र येतात. अखेरची तपासणी मात्र घरात ज्याने ‘सायको’ आधी पाहिला आहे, त्यानेच करावी, आणि तीही दिवाणखान्याचे दार लावून.